ऐंशी लाखांत एक: डबेवाल्यांच्या चुकीचा हिशोब आणि एम.टेक.चा एक प्रबंध

औद्योगिक अभियांत्रिकीच्या एम.टेक.चं दुसरं वर्ष जवळजवळ सगळं प्रबंधात जातं. तिसऱ्या सत्राच्या तोंडावर विद्यार्थ्याने सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायचा, समितीने त्याची पिसं काढायची आणि मग जे उरेल ते विद्यार्थ्याने वर्षभर निस्तरायचं. मुंबईत या सिनॉप्सिसच्या गठ्ठ्यात एक विषय हटकून येतो, तो म्हणजे डबेवाल्यांचं सिक्स सिग्मा विश्लेषण, म्हणजे चुका जवळजवळ शून्यावर आणू पाहणाऱ्या या गुणवत्ता-पद्धतीच्या कसोटीवर त्यांचं काम तपासणं. आमच्याकडे तो पहिल्या दहा मिनिटांत बाद होतो. त्यावर खंडीभर लिहून झालंय आणि बहुतेकांनी एकमेकांचंच उतरवून घेतलंय.

या खेपेला विषय आणणारी विद्यार्थिनी आंबेगाव तालुक्यातली होती. तिचे मामा पश्चिम रेल्वेवर डबे पोचवतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला डबेवाल्यांची जेमतेम अर्ध्या तासाची मुलाखत मिळते, हिला रोज गटाबरोबर उभं राहता येणार होतं. म्हणून समितीने विषय फेकून न देता सोलून पाहिला. त्यात जे निघालं ते इथे मांडतो आहे, कारण एम.टेक.ला विषय कसा निवडावा हे सांगताना मला याहून चांगलं प्रकरण अजून सापडलेलं नाही.

तिचं पहिलं शीर्षक होतं 'मुंबई डबेवाला सेवेच्या सिक्स सिग्मा पातळीची पडताळणी'. उद्दिष्ट एकच. 80 लाख डब्यांमागे एक चूक हा दावा खरा की खोटा ते मोजून दाखवायचं. पद्धत अशी की तीन महिने एका गटासोबत राहायचं आणि चुका टिपायच्या. ऐकायला सरळ आहे. समितीतल्या संख्याशास्त्राच्या बाईंनी एवढंच विचारलं, "तीन महिन्यांत तुला एकही चूक दिसली नाही, तर तू काय लिहिशील?"

"सर्व्हिस सिक्स सिग्मा आहे असं लिहीन, मॅडम."

"आणि एक दिसली तर?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत पटकन कुणाकडेच नव्हतं.

आकडा आला कुठून

महादेव हावजी बच्चे यांनी 1890 साली हा धंदा उभा केला. त्यानंतर शंभर वर्षं लोकांना डबा वेळेवर मिळत होता आणि त्याची टक्केवारी काढायची कुणाला गरज वाटली नव्हती. 1998 साली फोर्ब्सच्या जागतिक आवृत्तीत सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवरचा लेख आला. चुका किती होतात, असं त्यांनी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना विचारलं होतं. उत्तराचा मथितार्थ असा होता की चुका जवळजवळ होतच नाहीत, झालीच तर दोन महिन्यांत एखादी. चक्रवर्तींनी त्याचा गुणाकार करून 80 लाखांमागे एक असा आकडा दिला.

गुणाकार आपणही करून पाहू. तेव्हाचे रोजचे डबे 1.6 ते 1.75 लाख आणि महिन्याचे कामाचे दिवस 25 धरले, की दोन महिन्यांत 80 ते 87 लाख डबे होतात. जाणं आणि येणं वेगळं मोजलं की आकडा थेट 1.6 कोटीवर जातो. 60 लाखांत एक, 80 लाखांत एक, 1.6 कोटीत एक असे तीन आकडे आज सर्रास फिरतात. वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळे अभ्यास असतील. अभ्यास एकही नाही. बुडाशी तेच एक वाक्य आहे, 'दोन महिन्यांत एखादी'.

'सिक्स सिग्मा' हे बिरुद तर त्या लेखात नव्हतंच. आपण तो शब्द वापरला नव्हता आणि फोर्ब्सने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही, असं चक्रवर्तींनीच पुढे स्पष्ट केलं. त्याने फरक काही पडला नाही. 'फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दिलं' हे वाक्य आजही व्यवस्थापनाच्या व्याख्यानात ऐकू येतं, आणि जोडीला 'अशिक्षित असूनही' हे शेपूट. या शेपटाचा मला विशेष राग आहे. सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाने पंधरा-वीस वर्षं एकच काम चोख केलं, तर त्यात चमत्कार कसला? शिकलेल्या माणसांनी एका वाक्याचा प्रबंध केला, चमत्कार म्हणायचा तर तो.

अध्यक्षांनी थाप मारली असं मात्र अजिबात नाही. त्यांच्या कानावर जे येत होतं ते त्यांनी सांगितलं. कानावर काय येतं, हा खरा मुद्दा आहे. आमच्या विद्यार्थिनीने मामांच्या मुकादमांना हाच प्रश्न केला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, चूक झाली तर गिऱ्हाईक मला फोन करतं. मी तिथल्या तिथं मिटवतो. अध्यक्षांपर्यंत कशाला जाईल?"

हे एक वाक्य तिच्या साहित्य-आढाव्याच्या पंधरा पानांपेक्षा मोलाचं होतं. तक्रार वर चढताना गळत जाते. गिऱ्हाईक कधी कधी बोलतच नाही, शेजारच्याच्या डब्यातली भेंडी खाऊन मोकळं होतं. बोललं तर मुकादमाशी, आणि मुकादमाने मिटवलं की तिथेच संपलं. सर्वांत वर पोचते ती न मिटलेली तक्रार. म्हणजे 'दोन महिन्यांत एखादी' हा चुकीचा दर नसून चिघळलेल्या तक्रारीचा दर असण्याची शक्यता जास्त.

सिग्मा किती, हे कुणाला विचारता त्यावर आहे

सिक्स सिग्मा 1986 च्या सुमारास मोटोरोलात बिल स्मिथ यांच्या कामातून उभं राहिलं आणि 1995 नंतर जनरल इलेक्ट्रिकमुळे जगभर पसरलं. त्याचा प्रसिद्ध आकडा 10 लाख संधींमागे 3.4 दोष. पण प्रमाण वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या आलेखाचा, तक्ता उघडून मध्यापासून सहा सिग्माच्या (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, आकडे किती विखुरले आहेत त्याचं माप) पलीकडचं क्षेत्रफळ काढलं, तर 3.4 येत नाही. दोन्ही बाजू मिळून 100 कोटींत साधारण 2 येतात. मधली तफावत 1.5 सिग्माच्या सरकण्याची आहे. कुठलीही प्रक्रिया दीर्घकाळात आपल्या मध्यापासून सरकते असं मोटोरोलाने गृहीत धरलं आणि तेवढी सूट हिशोबात घातली. ही सूट प्रत्यक्ष मोजमापातून येत नाही, तो संकेत आहे, आणि सेवाक्षेत्रात तो लावायला आधार काय, हा वाद जुना आहे.

आता 80 लाखांत एक घ्या. म्हणजे 10 लाखांत 0.125. सूट धरून पातळी काढली तर ती 6.6 च्या पुढे जाते, डबेवाले सिक्स सिग्माच्याही वर. सूट न धरता दोन्ही बाजू घेतल्या तर 5.3 च्या आसपास, म्हणजे सिक्स सिग्मा नाही. आकडा तोच, सेवा तीच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकाने नेमकं इथे बोट ठेवलं असतं, तर शीर्षकातला मुख्य शब्दच तिच्या हातून गेला असता.

चूक म्हणजे काय

हा भाग विद्यार्थी एका ओळीत उरकतात. आम्ही तिला त्यावर अडवून धरलं.

डबा भलत्या माणसाला गेला ही चूक, यावर दुमत नाही. पण सव्वाबाराऐवजी सव्वाला पोचला तर? आमटी सांडली तर? जाताना बरोबर गेला आणि येताना दोन घरांचे रिकामे डबे अदलाबदल झाले तर? गिऱ्हाइकाला हा शेवटचा प्रकार सहसा संध्याकाळी कळतो आणि दुसऱ्या दिवशी निस्तरला जातो, म्हणून तो मोजणीतून गळतो. तिने आधी फक्त जाण्याचा प्रवास धरला होता. येण्याचा धरला की छेद दुप्पट होतो हे सगळ्यांना चालतं, पण मग त्या प्रवासातल्या चुका अंशात घ्यायला कुणी तयार नसतं.

26 जुलै 2005 चा दिवस घ्या. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, दुपारनंतर लोकल थांबल्या. त्या दिवशी जे डबे घरी परत गेले नसतील, ते चुकांत धरायचे का? संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्या भाषेत हे विशेष कारण, प्रक्रियेच्या बाहेरचं, म्हणून वगळा. पण उपाशी माणसाच्या बाजूने पाहिलं तर रेल्वे हा या सेवेचा कणाच आहे. कणा मोडला तर तो आमचा नव्हे असं म्हणता येईल का? मला विचाराल तर वगळावा, पण वगळला हे ठळक अक्षरांत लिहावं. आणि मग एप्रिलच्या आसपास गावच्या जत्रेसाठी अख्खी सेवा काही दिवस बंद असते, त्याचं काय? ती सुट्टी आधी सांगितलेली असते, म्हणून चूक नाही. ऑगस्ट 2011 मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी काम बंद ठेवलं, तेही सांगूनच. 'सांगून' या शब्दावर व्याख्येचा केवढा भार आहे पाहा. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला ती चूक, अशी व्याख्या शेवटी तिने घेतली, आणि मग शब्द नेमका काय दिला होता ते शोधणं आलं. लेखी करार नाहीच. मग गिऱ्हाइकांना विचारायचं, तुमचा डबा किती वाजेपर्यंत यायला हवा? पन्नास जणांची पन्नास उत्तरं, पण बहुतेकांच्या बोलण्यात जेवणाची सुट्टी हीच हद्द.

छेदाचाही प्रश्न आहेच. डबा घरून निघाल्यापासून टेबलावर पोचेपर्यंत तीन-चार वेळा हात बदलतो. सिक्स सिग्माच्या रीतीने प्रत्येक हातबदल ही चुकीची एक संधी. संधी मोजायच्या म्हटलं की छेद चौपट आणि पातळी आपोआप वर. गिऱ्हाइकाच्या ताटात काहीही न बदलता गुणवत्ता वाढवण्याचा हा मार्ग कारखान्यांतही लोकप्रिय आहे.

आणखी एक गोष्ट. चुका एकट्यादुकट्या होतात असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात 35-40 डब्यांचं एक क्रेट लगेजच्या डब्यातून चुकीच्या स्थानकावर उतरलं, किंवा उतरलंच नाही, तर एका झटक्यात 40 चुका. एरवी महिनोन्महिने शून्य. अशा गठ्ठ्याने येणाऱ्या चुकांची सरासरी काढून 10 लाखांत इतक्या म्हणणं म्हणजे मोसमी पावसाची रोजची सरासरी सांगून छत्री घ्यावी का ते ठरवणं.

तीन महिन्यांत शून्य

आता बाईंच्या प्रश्नाकडे. संख्याशास्त्रात तिनाचा नियम म्हणून एक सोयीचं सूत्र आहे. n नमुन्यांत एकही दोष सापडला नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा दर 3 भागिले n पेक्षा जास्त नसावा. हे 3 येतात 20 च्या नैसर्गिक लॉगमधून, तो 2.996 आहे.

एका डबेवाल्याकडे 30 डबे आणि गटात 20 जण धरले, तर रोजचे 600 डबे. तीन महिन्यांचे 75 दिवस, म्हणजे 45,000. तिने एकही डबा नजरेतून निसटू दिला नाही आणि एकही चूक झाली नाही, तरी ती लिहू शकते ते इतकंच: चुका 15,000 मागे एकापेक्षा जास्त नसाव्यात. 80 लाख कुठे आणि 15,000 कुठे.

उलट्या बाजूने येऊ. 3.4 ची पातळी शून्य चुकांनिशी सिद्ध करायला 8.82 लाख डबे पाहायला हवेत. 600 च्या हिशोबाने 1,470 दिवस, जवळपास पाच वर्षं. आणि 80 लाखांत एक हा दावा सिद्ध करायला 2.4 कोटी डबे, 40,000 दिवस. वर्षाचे 300 दिवस धरले तर 133 वर्षं. 1890 साली पहिल्या डब्यापासून एक माणूस एका गटामागे मोजत बसला असता, तर त्याचं सॅम्पल आत्ता कुठे पुरं झालं असतं. सगळ्या गटांमागे एकेक माणूस लावला तर काम महिन्यांत होईल, पण तेवढी माणसं लावायला पैसा कुणाचा? आणि त्यांच्या मोजण्यातल्या चुका डबेवाल्यांच्या चुकांपेक्षा कमी असतील कशावरून? 80 लाखांत एक दोष पकडायचा तर निरीक्षकही तितकाच अचूक हवा. या प्रश्नावर खोलीत हशा पिकला, पण प्रबंध तिथेच अडला होता.

एम.टेक.चा विद्यार्थी या टप्प्यावर सहसा दोन वाटा धरतो. एक, आकडा 'साहित्यातून घेतला' म्हणून पुढे सरकतो. दोन, विषय बदलून एखाद्या वर्कशॉपमध्ये यंत्राचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ कमी करायला जातो. दुसरी वाट वाईट नाही, नोकरीच्या दृष्टीने बरीच. पण हिच्याकडे मामा होते.

प्रश्न उलटा केला

चुका किती, हे मोजता येत नसेल तर चुका कुठे अडतात ते मोजता येईल का? इथून प्रबंधाला जीव आला.

डब्याच्या झाकणावरची खूण जवळून पाहा. मध्ये ठळक आकडा, समजा 3. तो डबा कुठल्या भागात उतरायचा ते सांगतो. कडेला लहान अक्षरांत 9 एआय 12 असं काहीतरी. 9 म्हणजे तिकडे पोचवणाऱ्या माणसाचा क्रमांक, एआय म्हणजे इमारत, 12 म्हणजे मजला. रंग आणि आकार मिळून डबा कुठल्या स्थानकावरून निघाला ते कळतं. आता यात काय नाही ते बघा. गिऱ्हाइकाचं नाव नाही. घरचा पत्ता नाही. फोन नाही. घर कुठलं हे उचलणाऱ्याला पाठ असतं, टेबल कुठलं हे पोचवणाऱ्याला पाठ असतं. खुणेवर फक्त तेवढंच लिहिलंय जे मधल्या अनोळखी हातांना लागतं, आणि प्रत्येक हाताला त्यातला एकच तुकडा वाचावा लागतो. स्थानकावर वर्गवारी करणारा मजला वाचत नाही. बारावा मजला चढणारा रंग बघत नाही.

कार्य-अभ्यास (काम कसं आणि किती वेळात होतं याचा अभ्यास) शिकवताना मी हे झाकण फळ्यावर काढतो. वाचायचं कमी, म्हणून चुकायचं कमी, आणि वाचायला वेळही कमी. लोकलला मधल्या स्थानकावर 20 सेकंद आणि मोठ्या स्थानकावर फार तर 40 मिळतात. त्यात क्रेट चढवायचं असतं. दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी प्रत्येक डब्यावर क्यूआर कोड लावायचं सुचवतो. स्कॅनला डब्यामागे दोन सेकंद धरली तर 40 डब्यांच्या क्रेटला 80 सेकंद लागतात, शिवाय दोन्हींपैकी एक हात फोनमध्ये अडकतो. झाकणावरचा रंग चार माणसांना दहा फुटांवरून एकाच वेळी दिसतो. क्यूआर एकालाच दिसतो, तोही वाकून. हे गणित मांडल्यावर सूचना सहसा मागे घेतली जाते.

आता थरांकडे या. डबा चुकीच्या रांगेत ठेवला गेला, तर पुढचा माणूस क्रेट भरताना तो ओळखू शकतो. त्याच्याकडून निसटला तर उतरवणारा, आणि शेवटी पोचवणारा, ज्याला आपल्या तीस गिऱ्हाइकांचे डबे चेहऱ्याने माहीत असतात. समजा, आणि हे नुसतं समजा आहे, वर्गवारीत 1,000 मागे एक डबा चुकतो. पुढच्या दोन टप्प्यांवर प्रत्येकी 100 पैकी 99 चुका पकडल्या जातात. तर शेवटपर्यंत जाणारी चूक 1,000 गुणिले 100 गुणिले 100, म्हणजे कोटीत एक. कुणीही अतिमानव नाही. हजारात एकदा चुकणारा आणि शंभरात एकदा नजर चुकणारा साधा माणूस, तिघे एकामागे एक. म्हणजे फोर्ब्समधला आकडा अशक्य मुळीच नव्हता. सिद्ध झालेला नव्हता, एवढंच.

पण हा गुणाकार एका अटीवर उभा आहे. तिघांच्या चुका परस्परांवर अवलंबून नकोत. झाकणावरचा रंग पुसट झाला, 3 चा 8 दिसू लागला, तर तिघेही तेच वाचतील आणि तिघेही सारखेच फसतील. तिथे तीन थर नसतात, एकच असतो. पोचवणारा मात्र खुणेवर विसंबत नाही, ओळखीवर विसंबतो, म्हणून त्याचा थर बाकीच्यांपासून खरोखर वेगळा आहे. माझ्या मते या सेवेची अचूकता मुख्यतः या शेवटच्या थरात आहे. तीच माणसं, त्याच इमारती, वर्षानुवर्षं. प्राध्यापक स्टेफान थॉमके यांनी 2010 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी केलेल्या प्रकरण अभ्यासातही भर कुणा एकाच्या हुशारीवर नसून गट, प्रक्रिया आणि संस्कृती यांच्या एकत्र बसण्यावर आहे. ते वाचून आमची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पण यात कुणी पकडलेल्या चुका मोजलेल्या नाहीत." ती तिची जागा होती.

मोजायचं काय

ठरलं असं. वर्गवारी झाल्यावर एका रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत ठेवलेला प्रत्येक डबा टिपायचा. ही पकडलेली चूक. ती हजारात एक असेल, तर रोजच्या 600 डब्यांत 60 दिवसांत 36 सापडतील आणि अंदाज साधारण अधिक-उणे 12 मध्ये बसेल. फार नेमका नाही, पण प्रबंधापुरता पुरेसा. मुख्य म्हणजे शून्य येण्याची भीती नाही. प्रत्येक नोंदीसोबत चूक कुणाच्या हातून झाली हे लिहायचं नाही, कुठल्या टप्प्यावर झाली आणि कुठल्या टप्प्यावर सापडली एवढंच. नाव लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशीपासून कुणी तिच्यासमोर डबा हलवला नसता.

तरीही ती उभी आहे म्हणून माणसं जास्त काळजीने काम करतील, हा आक्षेप राहतोच. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून झालेल्या प्रयोगांचा उल्लेख समितीत कुणीतरी करणारच होतं, तो झाला. त्या प्रयोगांतून नेमकं काय सिद्ध झालं यावर अजून भांडणं आहेत, पण सावधगिरी म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांच्या नोंदी बाजूला ठेवून गट तिला विसरल्यावरच मोजणी सुरू करायची, असं ठरलं. मामांची भाची असल्याने हे विसरणं लवकर होईल. किंवा मामांमुळेच ते कधी होणार नाही. दोन्ही शक्यता सिनॉप्सिसमध्ये लिहून घेतल्या.

दुसरं मोजमाप वेळेचं. 'वेळेत पोचला की नाही' असं हो-नाही न टिपता पोचल्याची वेळ टिपायची. हो-नाहीला हजारो नमुने लागतात. मिनिटांत मोजलं तर शंभरेक नोंदींतूनही प्रमाण विचलन साधारण सात टक्क्यांच्या चुकीने हाती येतं. मात्र त्यावरून घंटेच्या आकाराचा आलेख गृहीत धरून टोकाच्या उशिराचं भाकीत करायचं नाही, असं आम्ही तिला बजावलं. लोकल लवकर येण्याला मर्यादा आहे, उशिराला नाही. उजवं शेपूट लांबच असणार.

तिसरी गोष्ट तिनेच घातली. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि डबे थांबले. नंतर कचेऱ्या उघडल्या, पण बरीच गिऱ्हाइकं घरूनच काम करत राहिली, बरेच डबेवाले गावाकडेच राहिले. उरलेल्यांनी रस्ते वाटून घेतले. म्हणजे पोचवणाऱ्याकडे आता अशी गिऱ्हाइकंही आहेत, ज्यांचा डबा त्याला चेहऱ्याने ओळखीचा नाही. शेवटचा थर, ज्यावर मी एवढा भर दिला, तोच पातळ झाला असेल का? डबे कमी झाले म्हणून चुका कमी होतील असं वरवर वाटतं. तिचं म्हणणं उलट. जुनी गिऱ्हाइकं आणि नव्याने वाट्याला आलेली गिऱ्हाइकं असे दोन भाग करून पकडलेल्या चुकांची तुलना केली, तर ओळखीची किंमत आकड्यात दिसेल. समितीला हा भाग सर्वांत आवडला. त्यावर नव्या डबेवाल्याला जुन्या गिऱ्हाइकांवर किती दिवस ठेवावं याचं वेळापत्रकही बसवता येईल, आणि ते मुकादमाच्या कामाचं असेल. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं राखीव असतात, त्यांना कुठल्या रस्त्यावर फिरवावं हा त्याचाच पुढचा भाग.

शीर्षक बदलून 'बहुटप्पी हस्तांतरण सेवेत चूक पकडली जाण्याच्या टप्प्यांचा अभ्यास: मुंबईतील एका डबेवाला गटाच्या संदर्भात' असं झालं. 'सिक्स सिग्मा' शीर्षकातून गेलं, दुसऱ्या प्रकरणात दोन पानांवर राहिलं. एका सदस्यांनी शेवटपर्यंत आग्रह धरला की कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्यांना 'सिक्स सिग्मा' हा शब्द बायोडेटात दिसलेला आवडतो. त्यांचं खोटं नाही. तिला ब्लॅक बेल्टची, म्हणजे सिक्स सिग्माच्या प्रमाणपत्राची, परीक्षा वेगळी द्यायला सांगितलं.

राहिली होती परवानगी. फलाटावर चित्रण करायचं तर रेल्वेची लेखी परवानगी लागते, आणि ती वेळेत मिळेल याची खात्री नव्हती. मुकादमांची अट त्याहून कडक होती. गाडीच्या वेळेला फलाटावर मध्ये उभं राहायचं नाही, काही विचारायचं असेल ते डबे पोचल्यावर, आणि ज्या दिवशी माणूस कमी असेल त्या दिवशी वही बाजूला ठेवून क्रेटला हात लावायचा. समितीने पहिल्या दोन अटी सिनॉप्सिसला जोडल्या. तिसरीमुळे निरीक्षक स्वतःच प्रक्रियेचा भाग होतो म्हणून ती जोडता आली नाही, पण त्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवायला तिला सांगितलं आहे.